वाळुंज : सह्याद्रीच्या ओहोळांकाठचा रानटी विलो

‘विलो’ हा शब्द उच्चारला की शहरी वाचकाला आठवते ती क्रिकेटची बॅट, काश्मीरमधील तळ्याकाठच्या रांगा किंवा उद्यानातील तळ्यावर केस मोकळे सोडल्यागत ओणवलेले शोभेचे झाड. ही सारी थंड हवेची, परमुलखाची प्रतिमा आहे. परंतु याच कुळातील एक अस्सल देशी वृक्ष महाराष्ट्रात शतकानुशतके उभा आहे आणि त्याला स्वतःचे मराठी नावही आहे. त्याचे नाव वाळुंज. शास्त्रीय परिभाषेत तो ‘सॅलिक्स टेट्रास्पर्मा’ होय. डोंगरातून उतरणारे ओहोळ, नद्यांचे ओलसर काठ, पाणथळ सखल जागा हे त्याचे घर. पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा हे तालुके म्हणजे अशा ओहोळांचे जाळेच. तेथील पाण्याचा प्रश्न समजून घेताना धरण, टँकर आणि विहीर यांची चर्चा होते. ओहोळाच्या काठाची मात्र क्वचितच होते. वाळुंज हा त्या काठाचा रहिवासी आहे.

कूळ आणि गणगोत

सॅलिक्स ही वनस्पतींची मोठी प्रजाती आहे. तिच्यात चारशेहून अधिक जाती असून त्यांतील बहुसंख्य उत्तर गोलार्धाच्या थंड व समशीतोष्ण पट्ट्यात वाढतात. जसजसे उत्तरेकडे किंवा उंचावर जावे तसतशी या झाडांची उंची घटत जाते. उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात आणि युरोपच्या उंच पर्वतांवर वाढणारा ‘सॅलिक्स हर्बेशिया’ जमिनीपासून जेमतेम काही सेंटिमीटर वर येतो. त्याचे खोड जमिनीखाली पसरते आणि वर दिसतात ती केवळ गोल पाने. हिमालयात वृक्षरेषेच्या वर वाढणारा ‘सॅलिक्स लिंडलेयाना’ हादेखील सतरंजीसारखा खडकावर अंथरलेला असतो. भारतातील विलोच्या बहुतेक जाती हिमालयातच आहेत.

वाळुंज हा या घराण्यातील दक्षिणेकडे उतरलेला आप्त. हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिण भारतापर्यंत, तसेच पुढे दक्षिण चीन व आग्नेय आशियातील देशांपर्यंत त्याचा आढळ आहे. उष्ण कटिबंधातील उन्हाळा आणि मोसमी पावसाचा पूर या दोहोंशी त्याने जुळवून घेतले आहे. महाराष्ट्रात वन्य अवस्थेत वाढणारा विलो म्हणजे वाळुंजच. उद्यानांत दिसणारा झुकत्या फांद्यांचा ‘सॅलिक्स बॅबिलोनिका’ हा लावलेला आहे आणि नावात बॅबिलोन असले तरी तो मूळचा चीनचा.

वाळुंजाला शास्त्रीय नाव दिले ते विल्यम रॉक्सबर्ग यांनी. हे स्कॉटिश वैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ १७९३ पासून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक होते. कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींवरचा त्यांचा सचित्र ग्रंथ १७९५ ते १८२० या काळात खंडशः प्रसिद्ध झाला आणि त्यात या वृक्षाचे वर्णन आले. ‘टेट्रास्पर्मा’ म्हणजे चार बियांचा. फळातील मोजक्या बियांवरून हे नाव पडले. पुढे थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींची जी नोंद विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्ण केली, तीतही या वृक्षाला स्थान आहे.

या कुळासंबंधी एक मौजेची गोष्ट आहे. सह्याद्रीत सर्वत्र आढळणारे काटेरी, आंबटगोड फळांचे तांबट हे झाड पूर्वी ‘फ्लाकोर्शिएसी’ या वेगळ्या कुळात गणले जाई. विसाव्या शतकाच्या अखेरीस जनुकीय अभ्यासाच्या आधारे वनस्पतींचे वर्गीकरण नव्याने तपासले गेले, तेव्हा तांबट आणि त्याचे निकटचे सोबती विलोच्या ‘सॅलिकेसी’ कुळात आणले गेले. शास्त्रज्ञांना हे नाते उमगण्यापूर्वी एका फुलपाखराला ते ठाऊक होते. ‘कॉमन लेपर्ड’ नावाचे केशरी रंगाचे, काळ्या ठिपक्यांचे फुलपाखरू आपली अंडी तांबटावरही घालते आणि विलोवरही. दोहोंच्या पानांतील रसायनांचे साम्य त्याच्या अळीला पचते, हे याचे कारण.

ओळख कशी पटवावी

वाळुंज मध्यम उंचीचा, पानझडी वृक्ष आहे. चांगली माती आणि बारमाही ओल मिळाली तर तो दहा-पंधरा मीटरपर्यंत वाढतो. मात्र खडकाळ जागी, पुराच्या माऱ्यात किंवा वारंवार तोड व चराई होत असेल तेथे तो बुंध्यापासून अनेक फुटवे काढतो आणि झुडपासारखा ठेंगणा राहतो. त्यामुळे पुष्कळदा तो झुडूप म्हणूनच दृष्टीस पडतो.

त्याची साल तपकिरी, खडबडीत आणि उभ्या खोल भेगांची असते. पाने लांबट, भाल्याच्या पात्यासारखी, टोकाला निमुळती आणि कडेला बारीक दातेरी. पानाचा वरचा पृष्ठभाग हिरवा व चकचकीत, तर खालचा पांढुरका. वाऱ्याची झुळूक आली की पाने उलटतात आणि सारे झाड क्षणभर रुपेरी दिसते. दूरवरून ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण होय.

नर फुले आणि मादी फुले वेगवेगळ्या झाडांवर येतात. पावसाळा सरल्यावर, हिवाळ्याच्या महिन्यांत, फांद्यांवर लोंबते तुरे दिसू लागतात. नर तुरे पिवळसर व सुवासिक असतात आणि त्यांवर मधमाश्यांची वर्दळ असते. मादी तुरे हिरवट. त्यांतून लहान बोंडे तयार होतात आणि ती उकलली की रेशमी तंतू असलेल्या बारीक बिया बाहेर पडतात. मादी झाडाखाली तेव्हा कापूस सांडल्यासारखा वाटतो.

पुराशी जुळवलेले आयुष्य

वाळुंजाचे जीवनचक्र नदीच्या वर्षाशी बांधलेले आहे. त्याचे बी अतिशय नाजूक असते. त्यात अन्नाचा साठा जवळजवळ नसतो आणि उगवण्याची शक्ती थोडे दिवसच टिकते. चिंचोका जसा महिनोन्‌महिने वाट पाहू शकतो तसे या बियांना जमत नाही. पडल्यापडल्या त्यांना उघडी, ओली आणि गवताने न झाकलेली माती लागते.

अशी माती सह्याद्रीत केव्हा आणि कोठे मिळते? पूर ओसरल्यानंतर, ओहोळाच्या काठावर. पावसाळ्यात पाणी वाहत्या गाळाचा एक नवा थर काठाशी सोडून जाते. हिवाळ्यात पातळी हळूहळू खाली जाते आणि हा गाळ उघडा पडत जातो. बी नेमके याच सुमारास वाऱ्यावर व पाण्यावर स्वार होते. रोपाची मुळे उतरत्या पाण्याचा पाठलाग करीत खोल जातात. पाणी सावकाश उतरले तर रोप जगते. एकाएकी आटले तर मुळांना ते गाठता येत नाही आणि रोप वाळते. म्हणजेच वाळुंजाची कोवळी रोपे ज्या काठावर दिसतात तेथे पाण्याची उतरण अजून नैसर्गिक आहे, असे अनुमान काढता येते.

बियांचा मार्ग असा बेभरवशाचा असल्याने या कुळाने दुसरी वाटही राखली आहे. विलोची फांदी ओल्या मातीत खोवली की तिला मुळे फुटतात. पुराने मोडलेली डहाळी खाली वाहत जाऊन एखाद्या गाळाच्या बेटावर अडकते आणि तेथेच नवे झाड उभे राहते. खोडाचा काही भाग पाण्यात बुडाला तरी त्यावर नवी मुळे फुटतात. दाट, तंतुमय मुळांचे हे जाळे माती आवळून धरते. पुराचा लोंढा आला की लवचिक फांद्या वाकतात, प्रवाहाचा वेग काठाशी मंदावतो आणि गाळ तेथेच बसतो. ज्याला अभियंते ‘तटसंरक्षण’ म्हणतात ते काम हे झाड कोणत्याही निविदेविना करीत असते.

खडकातली सोबतीण : शेरणी

वाळुंजाचा विचार करताना आणखी एका वनस्पतीची ओळख करून घेणे आवश्यक आहे, कारण अनेकदा दोहोंची गल्लत होते. ती म्हणजे शेरणी, शास्त्रीय नाव ‘होमोनोया रिपारिया’. पाने विलोसारखी अरुंद व लांब, जागाही पाण्याकाठची. त्यामुळे इंग्रजीतही तिला विलोच्या पानांवरून नाव मिळाले आहे. प्रत्यक्षात ती एरंडाच्या कुळातील आहे. पोर्तुगीज धर्मोपदेशक व वनस्पतिशास्त्रज्ञ जुवांव द लौरेरो यांनी १७९० मध्ये तिचे वर्णन केले.

शेरणी ठेंगणीच राहते. बहुधा एक ते तीन मीटर. वाळुंज काठावर उभा राहतो, तर शेरणी थेट पात्रात, खडकांच्या फटींत मुळे रोवून वाढते. पावसाळ्यात ती आठवडेच्या आठवडे पाण्याखाली असते. तिची चिवट खोडे प्रवाहाच्या दिशेने आडवी होतात आणि पूर ओसरला की पुन्हा सरळ होतात. अरुंद पानांवर पाण्याचा रेटा कमी बसतो. अशा वनस्पतींसाठी डच वनस्पतिशास्त्रज्ञ व्हान स्टेनिस यांनी ‘ऱ्हिओफाइट’ ही संज्ञा रूढ केली आणि १९८१ मध्ये जगभरातील अशा वनस्पतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. मराठीत त्यांना ‘प्रवाहवासी’ म्हणता येईल.

शेरणीच्या बुंध्याशी वाळू व पालापाचोळा अडतो, त्यात कीटकांच्या अळ्या वाढतात, त्यांवर मासे जगतात. खेकड्यांना मुळांखाली आडोसा मिळतो. ओढ्यातले मासे आणि खेकडे हा आदिवासी कुटुंबांच्या आहाराचा जुना भाग आहे. पात्रातले झुडूप आणि ताटातले अन्न यांच्यामध्ये असे थेट नाते आहे.

वेतस, वानीर, वंजुल

संस्कृत वाङ्मयात पाण्याकाठच्या लवचिक वनस्पतीसाठी वेतस, वानीर, वंजुल, विदुल असे अनेक शब्द येतात. अमरकोशात ते एकत्र दिलेले आहेत. कालिदासाच्या काव्यात वानीर नदीच्या पाण्यावर झुकतो आणि बलवान शत्रूपुढे वाकून तग धरणाऱ्यांच्या नीतीला वेतसाची उपमा मिळते. हा वेतस म्हणजे नेमके कोणते झाड, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींच्या मते तो वेत, म्हणजे ज्याच्या छड्या व खुर्च्या होतात ती वेल. तर काहींच्या मते तो विलो. आयुर्वेदाच्या ग्रंथांत ‘जलवेतस’ हे नाव वाळुंजासाठी वापरले जाते आणि काही ठिकाणी तेच शेरणीलाही दिलेले आढळते. केरळमधील वैद्य शेरणीच्या मुळांचा उपयोग ‘पाषाणभेद’ म्हणून, मूतखड्यावरील औषधात करीत आले आहेत.

‘वंजुल’ आणि ‘वाळुंज’ या शब्दांतील साम्य लक्ष वेधून घेणारे आहे. तथापि केवळ ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. वाळुंज हे महाराष्ट्रात आडनाव आणि गावाचे नाव म्हणूनही परिचित आहे. आज हे आडनाव ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना झाड आठवत असेल, हा प्रश्न मात्र उरतो.

टोपलीपासून गोळीपर्यंत

वाळुंजाचे लाकूड हलके व मऊ असते. इमारतीसाठी ते कामाचे नाही. सरपण, किरकोळ वस्तू आणि कोळसा यांसाठी ते वापरले गेले. त्याचा कोळसा बंदुकीच्या दारूसाठीही उपयोगी मानला जाई. कोवळ्या लवचिक डहाळ्यांच्या टोपल्या विणतात. पाला जनावरे खातात. सालीचा उपयोग कातडी कमावण्यासाठी आणि तापावर केला जात असे.

तापावरील या उपयोगाला आधुनिक वैद्यकात मोठा इतिहास आहे. इंग्लंडमधील एडवर्ड स्टोन या धर्मोपदेशकाने विलोच्या सालीचे चूर्ण तापाच्या रुग्णांना देऊन आलेला अनुभव १७६३ मध्ये रॉयल सोसायटीला कळविला. १८२८ मध्ये म्युनिक येथे योहान बुखनर यांनी सालीतून कडू द्रव्य वेगळे केले. त्याला विलोच्या लॅटिन नावावरून ‘सॅलिसिन’ म्हटले गेले. १८९७ मध्ये जर्मनीतील बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी ॲसिटिल सॅलिसिलिक आम्ल शुद्ध व स्थिर स्वरूपात तयार केले आणि १८९९ पासून ते ‘ॲस्पिरिन’ या नावाने बाजारात आले. आज हृदयविकाराच्या रुग्णांना रक्त गोठू नये म्हणून दिली जाणारी लहानशी गोळी याच वंशातली. अर्थात सालीतील द्रव्याचे प्रमाण झाडागणिक बदलते आणि त्याचे पोटावर व रक्तस्रावावर परिणाम होऊ शकतात. त्यामुळे साल उकळून घरगुती प्रयोग करणे इष्ट नाही.

जव्हार-मोखाड्याचे पाणी

जव्हार हे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवरील गाव, मुकणे घराण्याच्या संस्थानाची जुनी राजधानी. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. हा भाग पुढे ठाणे जिल्ह्यात होता आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा स्थापन झाल्यावर जव्हार व मोखाडा त्यात गेले. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या समाजांची येथे वस्ती आहे. सूर्यमाळ, खोडाळा या परिसराची उंची आणखी अधिक. येथे पडणारे पाणी एका अंगाने पिंजाळ, गारगाई या उपनद्यांतून वैतरणेला मिळते, तर दुसऱ्या अंगाने वाघ नदीतून दमणगंगेकडे जाते.

पाऊस विपुल, तरी उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट, हे या तालुक्यांचे जुने दुःख आहे. काळ्या पाषाणाचा कातळ पाणी फारसे मुरू देत नाही, उतार तीव्र आहे आणि चार महिन्यांचे पाणी काही तासांत समुद्राची वाट धरते. मार्चनंतर पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. कामाच्या शोधात कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांकडे व शहरांकडे स्थलांतर करतात. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी या भागाचे नाव देशभर गेले.

याच खोऱ्यांतून मुंबईची तहान भागते. मोखाडा तालुक्यात कोचाळे येथे बांधलेल्या मध्य वैतरणा धरणातून २०१४ पासून मुंबईला पाणी मिळू लागले; त्याची क्षमता दररोज ४५ कोटी ५० लाख लिटरची आहे. गारगाई आणि पिंजाळ नद्यांवरही मुंबईसाठी धरणांचे प्रस्ताव आहेत. दमणगंगा-पिंजाळ जोडप्रकल्पाच्या आराखड्यात वाघ नदीवर खारगीहिल येथे धरण सुचविले आहे. धरणाच्या जलाशयात काठाची वनस्पती टिकत नाही, कारण तेथे पाण्याची पातळी निसर्गाच्या वेळापत्रकाने उतरत नाही. ती शहराच्या मागणीने उतरते. धरणाखालच्या पात्रात पूर येत नाही, नवा गाळ पडत नाही. वाळुंजाच्या बियांना हवी असलेली जागाच मग नाहीशी होते.

अशा मुलखात वाळुंज शोधायचा तर धबधब्याच्या कड्यावर नव्हे, तर कडा संपल्यावर जेथे ओहोळ मंदावतो, डोह होतो आणि काठाला गाळ साचतो, अशा ठिकाणी पाहावे. उंबर, जांभूळ, करंज हे त्याचे नेहमीचे शेजारी. खडकाळ पात्रात अरुंद पानांची झुडपे प्रवाहाच्या दिशेने झुकलेली दिसली तर ती शेरणी असण्याचा संभव अधिक. माघ-फाल्गुनात आजूबाजूचे रान करपलेले असताना जो पट्टा हिरवा राहतो, त्याच्याखाली पाणी आहे असे जाणती माणसे ओळखतात.

काठ कशाने जातो

ओहोळाच्या काठावर अनेक बाजूंनी दबाव येतो. वाळूउपसा आणि दगड काढणे यांनी पात्र खरवडले जाते. रस्ता व पूल बांधताना काठ भराव घालून सरळ केले जातात. पाण्याची टंचाई दूर करण्यासाठी हाती घेतलेली कामेही कधी कधी उलट परिणाम करतात. डिसेंबर २०१४ मध्ये राज्यात जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले. त्यातील नाला खोलीकरण व रुंदीकरणाच्या कामांवर जलतज्ज्ञांनी आक्षेप घेतले. यंत्राने काठ तासला की झाडे-झुडपे जातात, उघडी माती पुढच्याच पावसात पात्रात उतरते आणि खोल केलेला नाला पुन्हा गाळाने भरतो. साठवण वाढविण्यासाठी केलेला खर्च असा पाण्याबरोबर वाहून जातो.

कायद्याची चौकटही येथे अपुरी पडते. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी रामसर येथे १९७१ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात वाहत्या पाण्याचाही समावेश आहे आणि १९८२ पासून भारत या कराराचा सदस्य आहे. मात्र केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ जागा नियमांत नद्यांची पात्रे, भातखाचरे आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय व्याख्येतून वगळले आहेत. डोंगरातला ओहोळ त्यामुळे ना पाणथळ ठरतो ना नेहमी जंगल.

दुसऱ्या बाजूने पाहता जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. १९९६ चा पेसा कायदा आणि त्याखालील महाराष्ट्राचे २०१४ चे नियम यांनुसार लहान जलस्रोतांचे नियोजन व गौण खनिजांबाबतचा निर्णय यांत ग्रामसभेला अधिकार आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्कांची वाट खुली केली. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेला आपल्या परिसराची जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. ओहोळकाठच्या झाडांची नोंद अशा वहीत होणे, ही जतनाची पहिली पायरी ठरू शकते. ज्याचे नाव कागदावर नाही त्याचे नुकसान मोजलेही जात नाही.

लागवड आणि जतन

वाळुंज वाचविण्यासाठी रोपवाटिका किंवा मोठा निधी लागत नाही. अंगठ्याइतक्या जाडीची, दोन-अडीच फूट लांबीची फांदी पावसाळ्याच्या तोंडाशी किंवा पूर ओसरल्यावर ओल्या काठात दोन-तृतीयांश खोल रोवली तर ती जगण्याची शक्यता चांगली असते. हिमालयात घसरणाऱ्या उतारांवर विलोच्या जिवंत खुंटांचे कुंपण घालून माती अडविण्याची पद्धत प्रचलित आहे. जव्हार परिसरात ग्रामस्थ दरवर्षी वनराई बंधारे बांधतात. त्यांच्या दोन्ही टोकांना अशी झाडे लावली तर सिमेंटच्या गोण्या झिजल्यावरही काठ टिकेल. दोन गोष्टींची काळजी घ्यावी. फांद्या त्याच खोऱ्यातील झाडांच्या असाव्यात आणि नर व मादी अशा दोन्ही झाडांवरून घेतलेल्या असाव्यात. अन्यथा काठ हिरवा होईल, परंतु त्यावर बी धरणार नाही. पहिली दोन वर्षे शेळ्यांपासून राखण करावी लागते.

उद्यानासाठी परदेशी विलो आणण्याऐवजी मुंबई-ठाण्याच्या तळ्यांकाठी व नाल्यांकाठीही देशी वाळुंज लावता येण्यासारखा आहे. त्याच्या सावलीचे मोल शहराला कळेलच. परंतु त्याचे खरे काम शहराच्या नजरेआड, वैतरणा आणि पिंजाळच्या उगमाकडील ओहोळांवर चालते. मुंबईच्या नळाला येणारे पाणी आधी अशा शेकडो अनाम काठांवरून वाहत आलेले असते. ते काठ ढासळले तर धरण गाळाने भरते आणि पाड्यावरची विहीर फाल्गुनाआधीच तळ दाखविते.